बिनतारी हेडफोन : कसोटी तिसऱ्या तासाची

विक्रेत्याच्या काउंटरवर दोन मिनिटे कानाला लावून पाहिलेला हेडफोन बहुधा उत्तमच वाटतो. त्याची खरी कसोटी लागते ती तिसऱ्या तासाला. तोवर कानाच्या पाळ्या तापलेल्या असतात, चष्म्याची काडी कानशिलात रुतू लागते, टाळूवर पट्टीचा भार जाणवतो. असा हेडफोन महिन्याभरात कपाटात जाऊन पडतो आणि त्यासाठी मोजलेली रक्कम बुडीत खाती जमा होते.

किंमत वाढली की सुख वाढते, हा समज येथे टिकत नाही. अ‍ॅपलच्या ‘एअरपॉड्स मॅक्स’ची गणना महागड्या हेडफोनांत होते, परंतु अ‍ॅल्युमिनियम आणि पोलादाच्या बांधणीमुळे त्याचे वजन सुमारे ३८५ ग्रॅम भरते. सोनीचा ‘डब्ल्यूएच-१०००एक्सएम५’ सुमारे २५० ग्रॅमचा आहे, तर त्याच कंपनीचा बराच स्वस्त ‘डब्ल्यूएच-सीएच५२०’ अवघा १४७ ग्रॅमचा. म्हणून हलका तोच घ्यावा, असेही नाही. या १४७ ग्रॅमच्या हेडफोनची गादी कानाला वेढत नाही, ती पाळीवरच टेकते. चष्मा वापरणाऱ्यांची पाळी गादी आणि काडी यांच्यामध्ये चिमटली जाते. उलट पहिल्या दोहोंत संपूर्ण कान आत सामावतो व दाब कवटीवर विभागला जातो. मात्र उन्हाळ्यात त्या बंदिस्त गादीखाली घाम साचतो. वजन, दाब आणि उष्णता या तिन्हींचा मेळ प्रत्येकाच्या डोक्यावर निराळा बसतो. म्हणूनच चष्म्यासह निदान पंधरा मिनिटे हेडफोन लावून बसू देणारा विक्रेता शोधावा. सवलत देणाऱ्यापेक्षा तो अधिक उपयोगाचा.

जाहिरातींत सर्वाधिक गाजणारा गुण म्हणजे बाहेरचा कोलाहल शमविण्याची सोय. हेडफोनवरील सूक्ष्म माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि आतील यंत्रणा त्याच्या नेमकी उलटी ध्वनिलहर निर्माण करून त्याला पुष्कळसे निष्प्रभ करते. रेल्वेची घरघर, विमानाचा गुंजारव, वातानुकूलन यंत्राचा घोष अशा अखंड, खालच्या पट्टीतील आवाजांवर हा उपाय चांगला चालतो. माणसांच्या बोलण्यावर तितकासा नाही. ज्याला वारंवार पुणे-मुंबई प्रवास घडतो, त्याने यासाठी जास्त पैसे मोजणे रास्त आहे. गल्ल्यावर बसणाऱ्याला मात्र हीच सोय गैरसोयीची ठरते. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोनदा हाक मारावी लागली, तर हेडफोन कितीही नामांकित असला तरी सौदा तोट्याचाच.

दुकानासाठी कान उघडा ठेवणारी साधने अधिक योग्य. ‘शॉक्झ ओपनरन’ या प्रकारातील यंत्र २६ ग्रॅमचे असून कानाच्या पुढील हाडावर टेकते. आवाज कंपनांच्या रूपाने आत पोहोचतो, कानाची वाट मोकळीच राहते. संगीतातील खर्ज त्यात फिका लागतो, गजबजलेल्या लोकलमध्ये तर ते जवळजवळ निरुपयोगी. पण फोनवर मागणी नोंदवीत ग्राहकाकडे लक्ष ठेवायचे असेल, तर इतकी सोईची वस्तू विरळा. गळ्यात अडकवायचा नेकबँड आज जुना समजला जातो. तथापि तो हरवत नाही, त्याची वेगळी डबी सांभाळावी लागत नाही. घरातील ज्येष्ठांसाठी याहून बरा पर्याय क्वचितच सापडेल.

तरुणांच्या आवडीचे सुटे इअरबड्स वजनाला प्रत्येकी साधारण पाच ग्रॅम. डोक्यावर भार नाही, चष्म्याशी भांडण नाही. तरी सिलिकॉनची टोपी कानात घट्ट बसली की स्वतःचेच बोलणे व चावणे घुमू लागते. सोबत मिळणाऱ्या टोप्यांपैकी योग्य मापाची निवडण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. दोन्ही कानांची मापे वेगळी असू शकतात, हे तर अनेकांच्या ध्यानातही येत नाही.

सोईच्या पोटात एक धोकाही दडलेला आहे. हेडफोन जितका सुखद, तितका तो अधिक वेळ कानावर राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचविली आहे. मुलांसाठी तितक्याच तासांना ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ डेसिबलला २० तासच उरतात. गोंगाटात कोलाहलशमनाचा खरा लाभ हाच, की आवाज वाढवावा लागत नाही. ऑनलाइन वर्गांना बसणाऱ्या मुलांच्या फोनमध्ये आवाजाची मर्यादा पालकांनीच घालून ठेवावी.

खरेदीपूर्वी घसाऱ्याचाही विचार हवा. प्रत्येक चार्जिंगगणिक बॅटरीची क्षमता थोडी घटते. इअरबड्समधील इवली बॅटरी रोज भरावी लागते आणि सहसा बदलता येत नाही. ‘सीएच५२०’ एकदा भरला की ५० तासांपर्यंत चालतो, साहजिकच त्याची बॅटरी सावकाश झिजते. किमतीला अपेक्षित वर्षांनी भागले, की स्वस्त-महागाचा क्रम पुष्कळदा बदलतो.

शेवटी गादीचे आवरण. बहुतेक हेडफोनांत ते कृत्रिम चामड्याचे असते, ‘एअरपॉड्स मॅक्स’मध्ये विणलेल्या कापडाचे, परंतु बँग अँड ओलुफसनच्या ‘एच९५’सारख्या काही उंची हेडफोनांत कोकराचे खरे कातडे वापरलेले आहे. ‘लेदर’ एवढाच शब्द आढळला, तर तो अस्सल की कृत्रिम, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.