चाकांवरच्या घराची शाकारणी

मृग नक्षत्र जवळ आले की कोकणात घरे शाकारण्याची लगबग सुरू होते. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे आणि रिपा ठोकून पाहायच्या आणि सगळे पुन्हा नीट रचायचे. एवढे झाले की पावसाचे चार महिने निर्धास्त! अमेरिकेतही एक घर असे आहे, ज्याच्या छपराची अशीच निगा राखावी लागते. फरक इतकाच, की ते घर चाकांवर उभे असते आणि त्याच्यावर कौलांऐवजी बऱ्याचदा फायबरग्लासचा पत्रा असतो. या घराचे नाव मोटारहोम.

आपल्याकडच्या सिनेकलाकारांच्या व्हॅनिटी व्हॅनविषयी तुम्ही वाचलेच असेल. मोटारहोम हे त्याच जातीचे वाहन. आत पलंग, छोटे स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपाटे, सगळे काही. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी गावी विनेबागो कंपनीने १९६६ पासून अशा गाड्या बनवायला सुरुवात केली. इंडियाना राज्यातले एल्कहार्ट शहर तर आज याच उद्योगासाठी ओळखले जाते.

काहींसाठी ही सुटीची चैन असते. पण निवृत्तीनंतर राहते घर विकून गाडीतच संसार थाटणारी जोडपीही तिथे पुष्कळ आहेत. घरभाडे परवडत नाही म्हणून गाडीत राहणारेही आहेत. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात अशाच लोकांचे आयुष्य मांडले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. अशा माणसांच्या डोक्यावरचे छत गळू लागले, तर ती नुसती गाडीची दुरुस्ती राहत नाही, सारा संसारच उघड्यावर येतो. वेळेवर केलेल्या डागडुजीच्या सामानाला काहीशे डॉलर पुरतात, पण छत कुजले आणि बदलावे लागले तर खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो.

पाणी शिरते कुठून?

फायबरग्लास म्हणजे काचेचे बारीक तंतू राळेसारख्या रसायनात बसवून केलेला पत्रा. तो गंजत नाही, कुजत नाही, वजनाला हलका असतो. १९५३ साली शेवरोलेने कॉर्व्हेट मोटारीची बॉडी याच पदार्थाची केली होती. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्याही आज फायबरच्या आहेत. मग अशा पत्र्याचे छत गळते तरी कसे?

खरे तर पत्रा क्वचितच गळतो. गळतात ते सांधे. मोटारहोमच्या छतावर हवा खेळण्यासाठी १४ इंच चौरस झडपा असतात. शिवाय एअरकंडिशनर, नळांचे वायुमार्ग, अँटेना, शिडी असे बरेच काही असते. या प्रत्येकासाठी छताला भोक पाडलेले असते आणि त्या भोकाची कड सीलंट नावाच्या लवचीक लुकणाने बंद केलेली असते. छताच्या चारी कडांनाही तेच लुकण. उन्हाने फायबर, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक तिन्ही प्रसरण पावतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. त्यात गाडी धावताना हादरे बसतात. वर्षानुवर्षे ही ओढाताण सोसून लुकण कडक होते आणि त्याला केसाएवढी चीर पडते. उत्तरेकडच्या थंडीत त्या चिरेतले पाणी गोठून फुगते आणि चीर आणखी रुंदावते.

पत्र्याखाली पातळ प्लायवूड आणि फोम असतो. झिरपलेले पाणी त्यात पसरत राहते. आत डाग दिसतो, तोवर लाकूड कित्येक महिने भिजलेले असते. शिवाय डाग जिथे दिसतो, तिथेच गळती असते असेही नाही. पाणी उताराने वाहत कुठल्या कुठे जाऊन टपकते. म्हणून तर बहुतेक उत्पादक आपल्या माहितीपुस्तिकेत छताचे सांधे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासायला सांगतात.

रंग कशासाठी?

रंगाचे काम वेगळे आहे. फायबरग्लासच्या वरच्या अंगाला जेलकोट नावाचा रंगीत, गुळगुळीत थर असतो. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. सूर्याच्या अतिनील किरणांनी हा थर हळूहळू झिजतो आणि त्याची खडूसारखी भुकटी होते. छतावरून हात फिरवला आणि तळवा पांढरा झाला, की समजावे, जेलकोट थकला. पावसात हीच भुकटी धुपून गाडीच्या भिंतींवर ओघळ उतरतात. नवा रंग पत्र्याचे उन्हापासून रक्षण करतो. तो पांढरा असेल तर गाडी आतून थंडही राहते. मात्र चिरलेला सांधा रंगाने मिटत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. ओलसर छतावर चकाचक रंग चढवणे म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा! आत कोंडलेली ओल पुढे फुगे आणि पोपडे बनून वर येते आणि तोवर खालचे लाकूड कुजतच राहते.

आधी परीक्षा, मग दुरुस्ती

जाणकार कामाची सुरुवात गाडीच्या आतून करतात. कपाटांचे वरचे कोपरे, झडपांच्या चौकटी आणि छताच्या कडा हाताने चाचपून पाहतात. कुबट वास, फुगलेला कागद, मऊ पडलेली भिंत या ओलीच्या खुणा. बाहेरून छतावर बोटांनी टकटक केली तर कोरडी जागा खणखणीत वाजते, सुटलेली जागा बद्द वाजते. जिथे छत पायाखाली दबते, तिथे आधी लाकूड बदलावे लागते. ते कोरडे ठणठणीत झाल्याशिवाय लुकण नाही आणि रंगही नाही.

नेमकी गळती सापडत नसेल तर एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने हलके पाणी सोडावे. सुरुवात खालच्या सांध्यापासून करून एकेक सांधा वर जावे. पाण्याचा जोरदार फवारा मात्र सांध्यावर मारू नये; त्याने धड असलेले लुकणही उचकटते.

जुने काढल्याशिवाय नवे नको

सगळ्यांत कंटाळवाणे आणि सगळ्यांत महत्त्वाचे काम म्हणजे सुटलेले, तडकलेले लुकण काढणे. ते प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू खरडावे, म्हणजे पत्र्यावर ओरखडे उठत नाहीत. कुणी पूर्वी सिलिकॉन भरून ठेवले असेल तर मेहनत दुप्पट होते, कारण सिलिकॉनवर दुसरे लुकण नीट चिकटत नाही आणि रंगही धरत नाही. त्याचा कणन् कण काढावा लागतो.

नंतर छत साबणाच्या पाण्याने धुवावे आणि पूर्ण सुकू द्यावे. मेण आणि तेलकटपणा योग्य द्रावणाने पुसावा. मग पॉलिशपेपरने पृष्ठभाग हलका खरवडावा, धूळ पुसावी आणि गरज असेल तिथे प्रायमरचे अस्तर द्यावे. गुळगुळीत फायबरवर थेट लावलेला रंग साल निघावी तसा निघून येतो.

आधी लुकण की आधी रंग? हे रंगाच्या जातीवर ठरते. रबरासारखा ताणणारा रंग असेल तर आधी सांधे भरावेत, लुकण पुरते सुकू द्यावे आणि मग सर्व छतावर रंग चढवावा. रंग कडक होणारा, दोन डब्यांतले मिश्रण करून लावायचा असेल, तर आधी रंग आणि मग वरून लुकण. कडक रंग लवचीक लुकणावर टिकत नाही, तडकतो. लुकणाच्याही दोन जाती असतात. सपाट जागी आपोआप पसरणारे आणि उभ्या कडेला न ओघळणारे. झडपेची चौकट काढून बसवायची असेल तर तिच्याखाली ब्युटाइलची चिकट टेप घालतात. एअरकंडिशनरचे पाणी मात्र वरच्या लुकणाने अडत नाही. ते त्याच्याखालच्या रबरी गादीने अडते. ही गादी दबलेली किंवा चिरलेली असेल तर तीच बदलावी.

रंगाचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले. सकाळचे दव वाळल्यावर काम सुरू करावे आणि संध्याकाळचे दव पडण्याच्या बरेच आधी थांबावे. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग लावू नये. सुरुवात शिडीपासून दूरच्या टोकाला करावी, नाहीतर ओल्या रंगापलीकडे आपणच अडकायचो!

जीव आधी

मोटारहोमचे छत जमिनीपासून दहा फुटांहून उंच असते, वर कठडा नसतो आणि ओला फायबर अतिशय निसरडा असतो. म्हणून एकट्याने चढू नये. वजन पसरावे म्हणून फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकून काम करावे. खरवडताना उडणारी काचेची धूळ त्वचेला आणि घशाला त्रास देते. दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट नावाचे रसायन असते, त्याने दमा जडू शकतो. साधा रुमाल बांधून तिथे भागत नाही, त्यासाठी योग्य गाळणीचा मुखवटाच हवा. हे जमणार नसेल तर असा रंग व्यावसायिकाकडूनच लावून घ्यावा. पातळ करायची द्रावणे चटकन पेट घेतात, तेव्हा गाडीतला गॅस बंद ठेवावा.

आपल्याकडची गोष्ट

महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाची धोरणे आणली. अशी गाडी घेणाऱ्यांनी आणि भाड्याने देणाऱ्यांनीही अमेरिकेतला हा अनुभव गाठीशी बांधावा. आपले ऊन कडक आणि पाऊस त्याहून कडक. तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये, हवा कोरडी असताना, सांधे तपासून काम उरकावे, म्हणजे लुकण सुकायला पुरेसे दिवस मिळतात. जूनमध्ये धार लागल्यावर शिडी शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. कोणता सांधा कधी भरला आणि कोणते लुकण वापरले, ते गाडीच्या कागदपत्रांतच एका वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वेळी जुन्यावर नवे काय धरेल, हे त्या वहीवरून लगेच कळते. गाडी जुनी विकत घेत असाल तर आतली सजावट पाहण्याआधी शिडी मागा आणि छत पाहा.