मक्याला घर मानवलं

आमच्या माहेरी कोकणात दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नसत. गवताच्या उडवीत धामण दिसली तरी आजोबा ओटीवरून एवढंच म्हणायचे, ‘‘मुलांनो, जरा बाजूनं जा, जनावर आहे.’’ अशा घरात वाढलेल्या बाईवर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी सापाला घरात रुळवायचा प्रसंग यावा, याला काय म्हणावं? पण तो आला खरा, आणि त्यात माझं जे शहाणपण उघडं पडलं ते आज सांगून टाकते. दिवाळी अंकात कबुलीजबाब द्यायला हरकत नसते. फराळाचं ताट पुढं असलं की माणसं क्षमाशील असतात.

हे गेल्यानंतर पुण्याचं घर मला खायला उठलं होतं. गेल्या वर्षी गणपती झाले आणि मुलानं मला इंग्लंडला नेलं, लंडनपासून तासाभराच्या अंतरावरच्या त्याच्या घरी. घरात मुलगा, सूनबाई आणि अकरा वर्षांचा नातू बंडू. तिकडं अकराव्या वर्षी मुलं प्राथमिक शाळा सोडून मोठ्या शाळेत जातात. बंडू नुकताच तसा गेला होता. जुने मित्र पांगले होते, नवे जमले नव्हते. शाळेतून आला की दप्तर टाकायचा आणि न बोलता जिना चढायचा. ‘‘कसा होता दिवस?’’ असं विचारलं की ‘‘ठीक’’. त्या ‘ठीक’मध्ये काही ठीक नव्हतं.

त्याला कुत्रा हवा होता. पण आईबाप दिवसभर कामावर, कुत्र्याकडं बघणार कोण? तेव्हा वर्षभर पुस्तकं वाचून त्यानं साप निवडला! तिकडच्या कायद्यानं सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकत देत नाहीत. म्हणून मुलगा दुकानात गेला, आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी कापडी पिशवीतून दोन फुटांचं, करंगळीएवढं जाड, केशरी-तांबड्या ठिपक्यांचं जनावर आमच्या घरात आलं.

त्याला इंग्रजीत कॉर्न स्नेक म्हणतात. म्हणजे मक्याचा साप! मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, अगदी बिनविषारी. पोटाखालची चौकटी नक्षी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून हे नाव, असं कुणी म्हणतं. मक्याच्या कोठारात उंदरांमागं शिरतो म्हणून, असंही कुणी म्हणतं. मी त्याचं नाव ठेवलं मक्या. पूर्ण वाढला की चार फुटांच्या आसपास जातो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, असं बंडूनं सांगितलं तेव्हा मी हिशेब केला. म्हणजे बंडूच्या लग्नाच्या पंगतीत हे व्याही हजर असणार!

सूनबाईनं एकच अट घातली, ‘‘उंदीर माझ्या फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत.’’ तिकडं सापाला जिवंत भक्ष्य देत नाहीत. गोठवलेले लहान उंदीर मिळतात, ते कोमट पाण्यात उबवून लांब चिमट्यानं द्यायचे. आमच्या घरात अंडंसुद्धा जपून येतं. शेवटी गॅरेजमध्ये एक छोटा फ्रीजर आला, त्याची भांडी वेगळी, चिमटा वेगळा, आणि सापाला हात लावला की साबणानं हात धुणं सक्तीचं. ‘‘सोवळ्यापेक्षा कडक आहे हो हे,’’ मी म्हटलं.

आता चुका ऐका. पहिल्याच दिवशी शेजारची चार मुलं आली. मक्या एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला, गळ्यात घालून फोटो झाले, आणि रात्री त्याला लाकडी पेटीत सोडलं. पेटीला पुढून सरकत्या काचा, आत एक मोठी प्लॅस्टिकची गुहा, एक पाण्याचं भांडं. पेटी दिवाणखान्यात, टीव्हीशेजारी. सगळ्यांना दिसावा म्हणून!

रविवारी उंदीर दिला. मक्यानं मान इंग्रजी ‘एस’सारखी वळवली, शेपटीचं टोक थरथरवलं आणि गुहेच्या मागं जाऊन बसला. बुधवारी पुन्हा दिला, पुन्हा तेच. बंडूचा धीर सुटला. त्यानं लाड करायला हात आत घातला आणि मक्या कडकडून डसला. विष नव्हतंच. टाचण्या टोचल्यासारखे बारीक ठिपके उमटले, रक्ताचे दोन-चार थेंब आले. हात धुतला, झालं. पण मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. रडला नाही. फक्त म्हणाला, ‘‘त्यालापण मी नको आहे.’’

त्या ‘पण’नं माझ्या पोटात कालवलं. शाळेतलं जे तो सहा आठवडे सांगत नव्हता, ते त्या एका अक्षरात होतं.

मी माझ्या परीनं म्हटलं, ‘‘अरे, वाटीभर दूध ठेवून बघ.’’ तर तो म्हणाला, ‘‘आजी, सापाला दूध पचत नाही.’’ मग मला लहानपणची नागपंचमी आठवली. गारुडी टोपली घेऊन दारात यायचा, आई दूध-लाह्या पुढं ठेवायची, नाग दुधात तोंड घालायचा आणि आम्ही हात जोडायचो. पुढं कळलं की कित्येक नागांचे दात पाडलेले असत, तोंडं शिवलेली असत, दिवसचे दिवस तहानलेले ठेवलेले असत. तो जीव तहानेनं दूध प्यायचा आणि आम्हाला वाटायचं, देव प्रसन्न झाला! भ्यालेल्या जिवाला आम्ही भक्तीनं हात जोडत होतो, पण तो भ्यालेला आहे हे कुणाच्या मनात आलं नाही.

शनिवारी मक्याला दवाखान्यात नेलं. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेली एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं त्याचं वजन केलं, तोंड उघडून पाहिलं, श्वास ऐकला. ‘‘प्रकृती उत्तम आहे,’’ ती म्हणाली, ‘‘तो आजारी नाही, घाबरलाय.’’ मग तिनं समजावलं ते मला जन्मभर पुरेल. सापाला पापण्या नसतात, म्हणजे डोळे मिटून जग बंद करायची सोय नाही. बाहेरून दिसणारे कान नसतात, पण जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून त्याला कळते. टीव्ही, जिन्यावरची धावपळ, सगळं त्याच्या अंगात शिरतं. रानात तो दुसऱ्याचं भक्ष्यही असतो. तेव्हा वरून येणारा हात म्हणजे त्याला घारीची झडपच. लपायला जागा नसेल तर तो खात नाही. खाताना बेसावध व्हावं लागतं, आणि भ्यालेल्याला बेसावध होणं परवडत नाही.

मग तिनं विचारलं, ‘‘दिवसा त्याला कोणी त्रास देत नाही ना?’’

‘‘छे, दिवसा आम्ही कुणी घरी नसतो,’’ मुलगा म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

कारण दिवसा मी घरी होते! साडेआठला तिघं बाहेर पडली की घरात मी आणि ते जनावर. सुटला तर? पलंगाखाली शिरला तर? म्हणून तासातासाला मी बॅटरी घेऊन पेटीपाशी जायची. दिसला नाही की काच टकटकवायची. तरी दिसला नाही की आणखी जोरात. तो बिचारा गुहेमागून डोकं काढायचा, तेव्हा मी ‘आहे बाई’ म्हणून चहा टाकायची. माझ्या मनाची शांती मी त्याच्या जिवाच्या धास्तीवर विकत घेत होते.

घरी आल्यावर बंडूला खोलीत बोलावून सगळं सांगितलं. म्हटलं, ‘‘तू त्याला नको नव्हतास रे. मीच त्याला सुचू देत नव्हते.’’ तो क्षणभर बघत राहिला आणि मग खो खो हसला. मी तिथं गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग आम्ही दोघांनी कंबर कसली. पेटी बंडूच्या खोलीतल्या शांत कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून ठेवली. हवेची भोकं मोकळी सोडून काचांचा तीन चतुर्थांश भाग बाहेरून खाकी कागदानं झाकला. ती मोठी गुहा बाद! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की लपायची जागा अंगाला चहूबाजूंनी टेकेल अशी हवी. मी श्रीखंडाचे दोन रिकामे डबे शोधले, कडेला दार कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि उपडे घातले. एक पेटीच्या उबदार टोकाला, एक थंड टोकाला. एकाच टोकाला घर असलं तर त्याला ऊब हवी की आडोसा, यातलं एक निवडावं लागतं. तळाला लाकडाचा भुसा दोन-तीन इंच घातला, वर सुकी पानं आणि एक फांदी.

ऊबही चुकत होती. दुकानातून आलेला चिकटवायचा तापमापक तीस अंश दाखवी. दुसरा चांगला आणून लावला तर उबदार टोकाला जेमतेम पंचवीस! साप आपल्या रक्ताची ऊब आपण तयार करीत नाही, बाहेरून घेतो. ऊब कमी पडली की गिळलेलं पचत नाही. थर्मोस्टॅट लावून एक टोक तीस अंशांच्या आसपास आणि दुसरं बावीस-तेवीसवर आणलं. थर्मोस्टॅटशिवाय गादी तापवू नये, सापाला चटका बसतो, हेही तेव्हाच कळलं. आणि काचांना कुलूप घातलं. ते मुख्यतः माझ्यासाठी.

आता खरी परीक्षा होती. दहा दिवस हात लावायचा नाही, टकटक नाही, डबा उचलून बघणं नाही. फक्त पाणी बदलायचं, घाण काढायची आणि निघायचं. वाचकहो, काही करायला सांगितलं तर माणूस डोंगर फोडील. काही करू नको म्हटलं की त्याचा जीव जातो. मी जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत जायची आणि परत यायची. त्याच दिवसांत मला आणखी एक जाणवलं. दर दोन तासांनी कामावरून मुलाचा फोन येई, ‘‘आई, बरी आहेस ना? जेवलीस ना? रडत नाहीस ना?’’ त्याची माया खरी. पण प्रत्येक फोननं मला आठवे की आपण बऱ्या नाही. एके रात्री त्याला म्हटलं, ‘‘माझ्याही काचेला जरा कागद लाव, बाळ.’’ त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. फोन दिवसातून एकावर आला.

दिवाळी आली. फराळाला मंडळी जमली आणि साप आहे म्हटल्यावर सगळ्यांचा मोर्चा जिन्याकडं वळला. बंडू दारात हात पसरून उभा! दारावर त्यानं मराठीत पाटी लावली होती, ‘दर्शन बंद आहे’. ‘बंद’ला काना जास्त पडला होता, पण मंडळी निमूट चकल्यांकडं परतली.

उंदीर द्यायचा दिवस नेमका लक्ष्मीपूजनाचा आला. ‘‘आज नाही हं,’’ सूनबाईनं हात जोडले. म्हणून पाडव्याच्या संध्याकाळी, खोलीत अंधार करून, मक्याच्या अंगाच्या जाडीएवढाच छोटा उंदीर उबवून बंडूनं डब्याच्या दाराशी ठेवला आणि आम्ही दोघं बाहेर येऊन जिन्यावर बसलो. अर्धा तास कुणी बोललं नाही. मग अंधारात बंडू आपण होऊन शाळेचं बोलायला लागला. जेवणाच्या सुटीत तो वाचनालयात जाऊन बसे, कारण डबा खायला कुणी बरोबर नसे. मी ‘अरेरे’ म्हटलं नाही, उपाय सांगितला नाही. दहा दिवसांत एवढं शिकले होते. नुसती ऐकत राहिले.

आत गेलो तर उंदीर नव्हता. श्रीखंडाच्या डब्यातून एक दुहेरी जीभ बाहेर आली, हवेचा वास घेतला आणि आत गेली. बंडूनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

खाल्ल्यावर दोन दिवस शिवायचं नसतं, नाहीतर भ्यालेला साप खाल्लेलं ओकतो. आठवड्यानं त्यानं दुसरा उंदीर घेतला, मग तिसरा. त्यानंतर बंडूनं त्याला पहिल्यांदा पाच मिनिटं हातात घेतलं. वरून झडप नाही, बाजूनं, दोन्ही हातांचा आधार देऊन. महिन्याभरानं मक्याचे डोळे दुधी निळे झाले. मी घाबरले, पण ती कात टाकायची खूण होती. चार-पाच दिवसांत डोळे निवळले आणि मग अखंड कात निघाली, डोळ्यांवरच्या झाकणांसकट. बंडू ती शाळेत विज्ञानाच्या तासाला घेऊन गेला. त्या दिवशी जेवणाच्या सुटीत वाचनालयात कुणी गेलं नाही.

हे वाचून कुणा बालवाचकानं घरी साप आणायचा हट्ट धरू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे साप घरात पाळणं हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. त्यांचं घर रान आणि शेत. बघायचेच तर पुण्याला कात्रजचं सर्पोद्यान आहे, तिथं काचेपलीकडून बघा. मात्र काच टकटकवू नका! तिथं कुणी टकटकवताना दिसलं की आता मी पुढं होऊन हात धरते.

मी परत आले त्याला आता बरेच महिने झाले. पुण्याचं घर पूर्वीइतकं खायला उठत नाही. रविवारी बंडूचा फोन येतो. मागं दोन मुलांचा दंगा ऐकू येतो. ‘‘मक्या काय म्हणतो?’’ मी विचारते.

‘‘काल सकाळपासून दिसलाच नाही, आजी.’’

‘‘वा!’’ मी म्हणते, ‘‘म्हणजे खुशाल आहे.’’