राज्य आयोगांच्या नियुक्त सदस्यांची वेतनवाढ : नियम आणि मर्जी

प्रस्तावना

हैदराबादचे विद्यानगर उस्मानिया विद्यापीठाला लागून आहे. येथून चिक्कडपल्ली, अशोकनगरपर्यंतच्या गल्ल्यांत स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या, अभ्यासिका आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत. त्यांत आदिलाबादकडून आलेले मराठी भाषक विद्यार्थी असतात, तसे उर्दू माध्यमातून शिकलेलेही असतात. तेलंगणा लोकसेवा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये घेतलेली गट-१ ची पूर्वपरीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे मार्च २०२३ मध्ये रद्द झाली. जून २०२३ मध्ये ती पुन्हा घेतली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीही रद्द ठरवली. त्यानंतर आयोगाच्या अध्यक्षांसह काही सदस्यांनी राजीनामे दिले.

अशा वेळी विद्यार्थी वर्गात सरळ प्रश्न विचारतात. हे सदस्य कोण नेमते? त्यांना पगार किती असतो? तो दरवर्षी कोण वाढवते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडतात. तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. वस्तुतः आयोगाचा सदस्य सरकारपुढे कितपत ताठ उभा राहू शकेल, हे बऱ्याच अंशी या तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाची मांडणी केली आहे.

काही शब्दांचे अर्थ

विषयात शिरण्यापूर्वी शब्द नीट वेगळे केले पाहिजेत. ‘वेतन’ हा शब्द संस्कृत, ‘पगार’ पोर्तुगीज वाटेने मराठीत आलेला, तर ‘तनखा’ फारसी. बोलण्यात तिन्हींचा अर्थ एकच. हैदराबादच्या दफ्तरी उर्दूत वार्षिक वाढीला ‘सालाना इजाफा’ म्हणतात. शासकीय व्यवहारात मात्र पुढील चार गोष्टी एकमेकींपासून भिन्न आहेत.

(१) वार्षिक वेतनवाढ : वेतनश्रेणीतील कर्मचाऱ्याचे मूळ वेतन दरवर्षी एक पायरी वर सरकणे.
(२) महागाई भत्ता : किंमतींच्या निर्देशांकानुसार मूळ वेतनावर मिळणारी टक्केवारी. केंद्रात ती वर्षातून दोनदा ठरते.
(३) वेतन सुधारणा : वेतन आयोगानंतर किंवा कायदा बदलून मूळ वेतनच नव्याने ठरवणे.
(४) मानधन व बैठक भत्ता : पद पूर्णवेळ नसताना कामापुरती किंवा बैठकीपुरती दिली जाणारी रक्कम.

महाविद्यालयीन अध्यापकांना पहिला प्रकार परिचित आहे. सातव्या वेतन आयोगानंतरच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेणीत सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. सुमारे तीन टक्क्यांच्या वाढीने ते दुसऱ्या वर्षी ५९,४०० व तिसऱ्या वर्षी ६१,२०० होते. ही वाढ कोणाच्या कृपेने मिळत नाही. श्रेणीच्या तक्त्यातच ती छापलेली असते.

निश्चित वेतन म्हणजे काय?

आयोगांवरील उच्च पदांना बहुधा असा तक्ता नसतो. त्यांचे वेतन ‘निश्चित’ असते, म्हणजे नेमणुकीच्या दिवशीचे मूळ वेतन मुदतीच्या शेवटच्या दिवशीही तेच राहू शकते. अशा पदांची तुलना पुष्कळदा केंद्रीय सचिवांशी किंवा न्यायाधीशांशी केली जाते. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे मासिक वेतन १९९६ पासून २६,००० रुपये, २००६ पासून ८०,००० रुपये व २०१६ पासून २,२५,००० रुपये असे बदलत गेले. शेवटच्या दोन वाढींचे कायदे अनुक्रमे २००९ व २०१८ मध्ये झाले आणि ते मागील तारखेपासून लागू करण्यात आले. म्हणजे वाढ दहा वर्षांनी आली, तीही दोन-तीन वर्षे उशिरा, थकबाकीसह.

मात्र निश्चित वेतन म्हणजे पूर्णपणे गोठलेले वेतन नव्हे. महागाई भत्ता लागू असलेल्या पदांची एकूण रक्कम वाढत जाते. केंद्राचा महागाई भत्ता जानेवारी २०२४ पासून ५० टक्के झाला. त्या दराने २,२५,००० रुपये मूळ वेतनावर १,१२,५०० रुपये भत्ता होतो. वेतनवाढ नसूनही हाती येणारी रक्कम दीडपट झाली. ‘सदस्यांचे पगार दरवर्षी वाढतात’ आणि ‘सदस्यांना वेतनवाढच नाही’ ही दोन्ही विधाने लोकांच्या तोंडी असतात. महागाई भत्ता आणि वेतनवाढ यांतील फरक लक्षात घेतला, तर दोन्हींत थोडे थोडे तथ्य आढळते.

लोकसेवा आयोग : घटनेने दिलेले कवच

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर या राज्याचा स्वतंत्र लोकसेवा आयोग होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, तेलंगणाचे जिल्हे आंध्र प्रदेशात आले आणि हैदराबादचा आयोग आंध्र प्रदेशाच्या आयोगात विलीन झाला. तेलंगणा राज्य झाल्यावर ऑगस्ट २०१४ मध्ये पुन्हा वेगळा आयोग स्थापन झाला. आयोगाचे नाव व कार्यक्षेत्र असे बदलले, तरी १९५० पासून सदस्यांचे घटनात्मक स्थान तेच आहे.

राज्य आयोगाच्या सदस्याची नेमणूक राज्यपाल करतात. मुदत सहा वर्षे किंवा वयाची ६२ वर्षे, यांपैकी जे आधी घडेल ते. अनुच्छेद ३१८ नुसार सेवाशर्ती राज्यपाल विनियमांनी ठरवतात. परंतु नेमणुकीनंतर त्या सदस्याला अहितकारक होतील अशा रीतीने बदलता येत नाहीत. अनुच्छेद ३२२ नुसार आयोगाचा खर्च, वेतनासह, राज्याच्या एकत्रित निधीवर ‘भारित’ असतो. त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. त्यामुळे एखाद्या निवडीवर रागावलेले बहुमत सदस्याचा पगार रोखू शकत नाही. सदस्याला पदावरून दूर करण्याचा अधिकारही राज्य सरकारला नाही. गैरवर्तनाच्या आरोपावर सर्वोच्च न्यायालयाच्या चौकशीनंतर राष्ट्रपतीच तसे करू शकतात.

हे कवच भक्कम आहे. तरी त्यात एक बाजू उघडी राहते. पगार कमी करण्यास मनाई आहे, वाढवण्यास नाही. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, म्हणजे वाढ किती आणि केव्हा द्यायची हे सरकार ठरवते. छडीची भीती घटनेने काढून टाकली, परंतु बक्षिसाची आशा तशीच राहिली. घटनाकारांपुढे अडचण होती हे मान्य केले पाहिजे. रुपयाचे मोल घटत असताना वाढीलाही बंदी घातली असती, तर काही वर्षांतच वेतन नाममात्र उरले असते.

हाच विचार अमेरिकेत १७८८ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनने न्यायाधीशांच्या वेतनाविषयी मांडला होता. पैशाचे मोल बदलते, म्हणून वेतन वाढवण्याची मोकळीक असावी, घटवण्याची नसावी, असे त्याचे म्हणणे होते. वाढ मर्जीने दिली जाऊ नये यासाठी काय करावे, हा प्रश्न त्याच्या युक्तिवादानंतरही उरतोच.

माहिती आयोग : रक्कम तीच, हात वेगळा

या प्रश्नाचे महत्त्व माहिती आयोगाच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. माहितीचा अधिकार कायदा, २००५ मध्ये वेतनाची तुलना कायद्यातच लिहिली होती. राज्याच्या मुख्य माहिती आयुक्ताला निवडणूक आयुक्ताइतके आणि राज्य माहिती आयुक्ताला राज्याच्या मुख्य सचिवाइतके वेतन मिळत असे. मुख्य सचिवाचे वेतन वाढले की आयुक्ताचे आपोआप वाढे. कोणाच्या दारी जावे लागत नसे. मुदतही कायद्यानेच पाच वर्षांची ठरवली होती, वयोमर्यादा ६५.

२०१९ च्या दुरुस्तीने हे कलम बदलले. मुदत व वेतन केंद्र सरकार नियमांनी ठरवील असे झाले आणि ऑक्टोबर २०१९ च्या नियमांनी मुदत तीन वर्षांवर आली. राज्याचे मुख्य माहिती आयुक्त व इतर आयुक्त या सर्वांचे वेतन २,२५,००० रुपये ठरले. नियम शिथिल करण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला. नेमणुकीनंतर अहितकारक बदल करता येणार नाही, ही तरतूद कायम राहिली आणि जुन्या आयुक्तांना जुन्याच शर्ती लागू राहिल्या.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. मुख्य सचिवाचे वेतन २०१६ पासून २,२५,००० रुपयेच होते. म्हणजे सामान्य राज्य आयुक्ताच्या वेतनाच्या आकड्यात २०१९ ने काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो इतकाच, की पुढची वाढ कायद्याच्या तुलनेतून निघून सरकारी अधिसूचनेच्या हाती गेली. वेतन राज्याच्या तिजोरीतून, तर दर केंद्राच्या नियमातून, असाही हा प्रकार झाला. फक्त आकडे पाहणाऱ्याला हा बदल दिसणारच नाही.

अल्पसंख्याक आयोग आणि वक्फ मंडळ

यापुढच्या पायरीवर कायद्याने स्थापन झालेले, परंतु घटनेचे कवच नसलेले आयोग येतात. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग १९९२ च्या, आंध्र प्रदेशचा १९९८ च्या व महाराष्ट्राचा २००४ च्या कायद्याने उभा राहिला. राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात सदस्यांची मुदत तीन वर्षे असून वेतन व भत्ते सरकार नियमांनी ठरवील, असे म्हटले आहे. त्यामुळे ज्या सरकारच्या खात्याविरुद्ध तक्रार ऐकायची, त्याच सरकारच्या अधिसूचनेवर सदस्याचे वेतन अवलंबून असते. शिष्यवृत्ती, शाळांची मान्यता, शिक्षकभरती यांसारख्या विषयांत या आयोगांकडे दाद मागणाऱ्या शिक्षणसंस्थांनी हे जाणून घेतले पाहिजे.

वक्फ मंडळाची रचना आणखी निराळी आहे. १९९५ च्या कायद्यानुसार मंडळाचा खर्च मुख्यतः वक्फांच्या निव्वळ वार्षिक उत्पन्नातील अंशदानातून चालतो. हे अंशदान ७ टक्के होते. २०२५ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ५ टक्क्यांवर आणली. याचा अर्थ असा की, मंडळावरील प्रत्येक वाढीव रुपया अखेरीस त्याच उत्पन्नातून येतो, ज्यातून शाळा, दवाखाने व गरजूंची मदत चालायची असते. अशा मंडळांत मानधनवाढीचा हिशोब सर्वांसमोर असणे अधिकच आवश्यक ठरते.

मर्जीच्या वाढीची किंमत : केरळ २०२५

वाढ नियमाने न येता एकदम दिली गेली, की काय होते हे फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळात दिसले. तेथील मंत्रिमंडळाने लोकसेवा आयोगाच्या अध्यक्ष व सदस्यांचे वेतन जिल्हा न्यायाधीशांच्या वरच्या श्रेणींशी जोडून मोठी वाढ मंजूर केली. त्याच दिवसांत तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर आशा कार्यकर्त्या मानधनवाढीसाठी धरणे धरून बसल्या होत्या. त्यांचे मासिक मानधन ७,००० रुपये होते. लोकांनी या दोन आकड्यांची तुलना केली आणि आयोगाच्या वाढीवर मोठी टीका झाली.

सदस्यांची मागणी अवाजवी होती असे यावरून म्हणता येत नाही. वर्षानुवर्षे सुधारणा न झाल्यास कोणतेही वेतन मागे पडते. परंतु साठलेली वाढ एका निर्णयात दिली, की ती हक्क न वाटता मेहेरबानी वाटते. देणाऱ्याला तिचे श्रेय मिळते, घेणाऱ्यावर उपकाराचा शिक्का बसतो आणि आयोगाची प्रतिष्ठा विनाकारण खर्ची पडते.

यावर उपाय अज्ञात नाहीत. संसद सदस्यांचे वेतन २०१८ पासून दर पाच वर्षांनी किंमतींच्या निर्देशांकानुसार बदलावे, असा कायदा झाला. त्यानुसार १,००,००० रुपयांचे वेतन एप्रिल २०२३ पासून १,२४,००० रुपये झाले. अमेरिकेत १७८९ मध्ये सुचवलेली व १९९२ मध्ये संमत झालेली २७ वी घटनादुरुस्ती सांगते की, काँग्रेसच्या सदस्यांनी वेतनात केलेला बदल मधली एक निवडणूक झाल्यावरच अमलात यावा. पहिल्या उपायात वाढ निर्देशांकावर सोपवली आहे, दुसऱ्यात देणारा व घेणारा यांच्यामध्ये काळाचे अंतर ठेवले आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

(१) नियुक्त सदस्याच्या वेतनाचा विचार करताना ‘किती’ याआधी ‘कोणाच्या हातून’ हे विचारले पाहिजे. कायद्यात लिहिलेली लहान वाढ ही मर्जीने मिळणाऱ्या मोठ्या वाढीपेक्षा स्वातंत्र्याला अधिक पोषक असते.
(२) अहितकारक बदलास मनाई हे निम्मेच संरक्षण आहे. वाढही महागाई निर्देशांकाशी किंवा एखाद्या निश्चित पदाशी बांधलेली असेल, तरच ते पूर्ण होते.
(३) सरकारने वाढ द्यायचीच असेल, तर ती पुढच्या नेमणुकांपासून लागू करणे अधिक निर्दोष ठरेल.
(४) वेतन कितीही चांगले असले तरी पद भरले गेले पाहिजे. तेलंगणाच्या माहिती आयोगात फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षांहून अधिक काळ एकही आयुक्त नव्हता. रिकाम्या खुर्चीच्या वेतनाची चर्चा व्यर्थ आहे.

अध्यापकांनी हा विषय शिकवताना एक साधा प्रयोग करता येईल. विद्यार्थ्यांना आपल्या राज्यातील एका आयोगाचा कायदा वाचायला द्यावा आणि त्यातून तीनच वाक्ये शोधायला सांगावीत : नेमणूक कोण करते, पदावरून दूर कोण करते आणि वेतन कोण ठरवते. तिन्ही ठिकाणी एकच नाव आले, तर त्या आयोगाच्या स्वातंत्र्याविषयी वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरणार नाही. तासिका तत्त्वावर काम करणारा, सालाना इजाफा ज्याच्या नशिबी नाही असा अध्यापक तर हा धडा विशेष समजून देऊ शकेल. पुढच्या वर्षाचे काम आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर असला की स्टाफरूममध्ये बोलतानासुद्धा शब्द कसे तोलावे लागतात, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.