करंटची तार

2017 च्या एप्रिलमध्ये नागभीड वनपरिक्षेत्रात जमिनीत पुरलेला एक वाघ वनखात्याने उकरून काढला. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या नामांकित 'जय' वाघाचा हा बछडा, श्रीनिवास. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतकऱ्याने कुंपणाच्या तारेत करंट सोडला होता. तार डुकरासाठी, सापडला वाघ.

आपत्तीचे अभ्यासक धोका आणि जोखीम हे दोन शब्द वेगळे ठेवतात. जंगलात वाघ असणं हा धोका. तो कोणाच्या वाट्याला, कोणत्या वेळी, किती येतो, ही जोखीम. धोक्याचे आकडे सापडतात: महाराष्ट्रात 2018 च्या गणनेत 312 वाघ होते, 2022 मध्ये 444, आणि त्यांतला मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा. जोखीम मोजायची तर झाडीपट्टीतल्या माणसाचा दिवस पाहावा लागतो. नागभीड ज्यात येतं तो ब्रह्मपुरी वनविभाग म्हणजे ताडोबासारखा राखीव व्याघ्र प्रकल्प नव्हे. इथे जंगल, तलाव, गाव आणि धानाच्या बांध्या एकमेकांत शिरलेल्या आहेत.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात, तीही रात्री आणि पहाटे. उशीर केला तर गुरं-हरणं खाऊन जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता. एका पुडक्यात 70 पानं, आणि तेंदूची झुडपं बुटकी, म्हणजे प्रत्येक पानासाठी वाकणं आलं. दुपारी पारा पंचेचाळीसच्या वर जातो, म्हणून उजाडायच्या आत निघायचं. वाघाचीही फिरण्याची वेळ तीच. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नसावा, असं वन्यजीव अभ्यासक सांगतात. उन्हाचा धोका टाळायला गेलेली बाई अशी दुसऱ्या धोक्याच्या वाटेत येते. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

  

'सीटी-1' या वाघाला ऑक्टोबर 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाच्या जंगलात बेशुद्ध करून पकडलं. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा मिळून 13 जणांचा जीव त्याने घेतला होता. त्याला पकडणं भागच होतं. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यातही मोह गळलाच आणि माणसं पहाटे निघालीच. वाघाच्या हल्ल्यात माणूस दगावला तर सरकार वारसांना 25 लाख रुपये देतं. रानडुकरांनी लोळवलेल्या धानाचीही भरपाई आहे, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणं आलं. रात्रभर जागल करून थकलेल्या माणसाला यापेक्षा तार जवळची वाटते. त्या तारेला मग वाघ चिकटतो, शेजाऱ्याचा बैल चिकटतो, कधी पाणी द्यायला निघालेला शेतकरीच चिकटतो.

या तारेला पर्याय आहे सौर कुंपणाचा. त्याचा झटका थांबून थांबून, क्षणभराचा असतो. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. मात्र पावसाळ्यात बांधावरचं गवत वाढून तारेला टेकलं की वीज जमिनीत उतरते आणि झटका मंदावतो. म्हणजे रोवणी आटोपली की विळा घेऊन तारेखालचं गवत कापत फिरायचं, आणि पाऊस थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा.