समुद्रतळाचे बुडबुडे

ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीतील चिखलातून बुडबुडे वर येतात. पालापाचोळा कुजून झालेला मिथेन वायू त्यांत असतो. खोल समुद्राच्या तळातूनही ठिकठिकाणी हा वायू पाझरतो. परंतु तेथे दृष्टी पोहोचत नाही. म्हणून जहाजावरील सोनार यंत्र ध्वनिलहरी खाली सोडते. पाण्यात त्या सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतात व बुडबुड्यांवर आदळून परततात. नुसत्या प्रतिध्वनीच्या जोरावरून वायू किती, हे कळत नाही. बुडबुड्यांचा आकार व वर चढण्याचा वेगही ठाऊक असावा लागतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्यालगतचा वायूने भरलेला गाळ ध्वनीच्याच साहाय्याने शोधला. खोलातील बहुतेक मिथेन वाटेतच विरघळतो. उथळ पाण्यातला मात्र हवेत पोहोचतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो.