पाचवीची वाट बघू नका : श्वास मोजा, तळवे बघा



मागच्या महिन्यात एका गटाच्या मीटिंगला एक आजी म्हणाल्या, "नात जरा पिवळी दिसतीया. पाचवी झाली की दाखवू." बाळ आठव्या महिन्यातलं, वजन दोन किलोच्या आत. मीटिंग थांबवून आशाताईंना फोन केला. बाळाला दोन दिवस निळ्या लाईटखाली ठेवलं, आता ते बरं आहे. पण पाचवीपर्यंत थांबलो असतो तर?

कोणत्या बाळाला जास्त जपायचं? ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं, अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं, जन्मल्यावर लगेच न रडलेलं, पोटातच शी केलेलं, आणि आईचा रक्तगट निगेटिव्ह असलेलं बाळ.

श्वास : दिवस आधी भरलेल्या बाळाची फुप्फुसं तयार झालेली नसतात. काहींना न्यूमोनिया होतो. बाळ शांत असताना कपडा वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. ६० किंवा जास्त आले तर परत मोजा. परत तेवढेच आले तर दवाखाना. छाती आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, बाळ कण्हतं, ओठ निळे पडतात किंवा श्वास मध्येच थांबतो, तर मोजत बसू नका, लगेच निघा.

हे काम डॉक्टरांचंच, असं वाटेल. पण गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना हे शिकवलं. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आपल्या आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, ती पद्धत त्यातूनच पुढं आली.

कावीळ : तिसऱ्या दिवशी चेहरा थोडा पिवळा होणं बऱ्याच बाळांत दिसतं, आणि ते दोन आठवड्यांत जातं. पण पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, तर धोका आहे. कावीळ फार वाढली तर मेंदूला इजा होते, ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. उजेडात कातडीवर बोट दाबून बघा. दोन आठवड्यांनंतरही पिवळं असेल किंवा शी पांढरट होत असेल तरी दाखवाच.

कोवळं ऊन, काविळीची माळ, घुटी, साखरपाणी यांनी ही कावीळ उतरत नाही. फक्त वेळ जातो.

निघताना : १०८ ला फोन करा. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या. बाळ ओढत असेल तर अंगावर पाजत राहा. धाप लागली असेल तर जबरदस्तीनं पाजू नका. आधी कागलचं ग्रामीण रुग्णालय, गरज पडली तर कोल्हापूरचं सीपीआर. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि गाडी मोफत आहे. पैशासाठी थांबू नका.

पाचवी दवाखान्यातून आल्यावरही पुजता येते. पुढच्या मीटिंगला घड्याळ घेऊन या, श्वास मोजायला सगळ्याजणी मिळून शिकू.

तुमची क्षेत्र समन्वयक