गोष्ट कॅम्प टूची, डिग्री देवनारची!

सकाळची खच्चून भरलेली लोकल आणि डोक्यात एकच किडा: ‘नोकरी सोडून पुन्हा शिकू का?’ तेही काय, तर खऱ्या माणसांच्या खऱ्या गोष्टी सांगायला! कॅमेरा, आवाज, लेखन, सगळं वापरून.

असा कोर्स फार लांब नाही. उल्हासनगरहून कुर्ला, तिथून हार्बरने गोवंडी. देवनारच्या ‘टिस’मध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, २००७ साली मीडिया अँड कल्चरल स्टडीजचं दोन वर्षांचं एमए सुरू झालं. अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर या डॉक्युमेंटरीवाल्या जोडीने हा विभाग घडवला. इथे नुसती थिअरी नाही, फिल्मही करावी लागते. १९९२-९३च्या दंगलींच्या आठवणींवर इथल्या विद्यार्थ्यांनी फिल्म्स केल्यात.

दोन वर्षं पगार नाही. घरचे विचारणारच, ‘पुढे काय?’ गॅरंटी कुणीच देत नाही.

विषय मात्र दारातच आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत आली. १९४९मध्ये तिचं उल्हासनगर झालं. ते पाहिलेली माणसं आता मोजकीच उरलीत. या रविवारी कॅम्प टूमधल्या एखाद्या आजींकडे जा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि गप्प बसून ऐका. दोन तासांनीही उठावंसं वाटलं नाही? मग फॉर्म भराच!